एलवाय लावायचं की नाही? प्रबंधातल्या इंग्रजी विशेषण-क्रियाविशेषणांची दुरुस्ती

मार्गदर्शकांकडून प्रकरण परत आलंय. दर पानावर एक-दोन शब्दांभोवती गोल आहेत आणि समासात फक्त 'ग्रामर' एवढंच लिहिलंय. त्या शेऱ्यावरून नेमकं काय बिघडलंय ते कळत नाही, म्हणून आधी लक्षणं ताडून बघा.

लक्षणं

- 'स्टॅटिस्टिकल सिग्निफिकंट डिफरन्स', 'लोकल अव्हेलेबल मटेरियल', 'एन्व्हायर्नमेंटल फ्रेंडली मेथड' अशा जोड्या मजकुरात आहेत.
- क्रियापदाच्या पुढे एलवाय (विशेषणाचं क्रियाविशेषण करताना शेवटी लागणारी एल आणि वाय ही अक्षरं) गायब आहे: 'द टेंपरेचर इन्क्रीज्ड रॅपिड', 'द मॉडेल परफॉर्म्ड गुड'.
- नको तिथे एलवाय आहे: 'द सोल्यूशन बिकेम क्लिअरली', 'अ सायंटिफिकली अप्रोच'.
- 'फास्टली'खाली लाल रेघ आहे. 'हार्डली'खाली नाही, पण वाक्याचा अर्थ उलटा झालाय.
- वाक्याची सुरुवात 'सरप्रायझिंग, द यील्ड डिक्रीज्ड' अशी आहे.
- एकदा दुरुस्त करून दिलेलं प्रकरण त्याच शेऱ्यानं पुन्हा परत आलंय.

शेवटचं लक्षण सगळ्यात बोलकं. पहिल्या मसुद्यात एलवाय राहून जातं. शेरा आला की माणूस घाबरून दिसेल त्या विशेषणाला एलवाय चिकटवतो, आणि दुसऱ्या मसुद्यात बरोबर उलटा बिघाड तयार होतो. म्हणून हात घालण्याआधी एवढं ठरवा की तुमच्याकडे एलवाय कमी पडतंय की जास्त झालंय. कमी असेल तर तपासणी १ ते ३ मध्येच बहुतेक काम होतं. जास्त झालं असेल तर थेट ४ वर जा.

हे का होतं?

मराठीत 'छान गाणं' आणि 'छान गाते' यांत 'छान' जराही बदलत नाही. 'तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते' यात तर 'चांगला' खेळण्याबद्दल सांगतो, पण लिंग मात्र खेळणाऱ्याचं घेतो. म्हणजे शब्द नामाचं वर्णन करतोय की क्रियेचं, हे दाखवायची आपल्या जिभेला सवयच नाही. इंग्रजीला ते दाखवावंच लागतं. पण मराठी कान सगळीकडे दगा देतो असंही नाही. दोन ठिकाणी तो इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा लवकर उत्तर देतो. त्या जागा तपासणी २ आणि ४ मध्ये येतील.

तपासणी १: शोधखिडकी

खर्च शून्य, एका प्रकरणाला दहा-पंधरा मिनिटं. वर्डमध्ये कंट्रोल आणि एफ दाबा, एल आणि वाय ही दोन अक्षरं टाइप करून पुढे एक स्पेस द्या. सापडलेल्या प्रत्येक शब्दाच्या लगेच पुढचा शब्द बघा. पुढे सरळ नाम आलं असेल ('सायंटिफिकली अप्रोच', 'कल्चरली प्रोग्राम') तर तिथे एलवाय जादा आहे (तपासणी ५ मधली 'फ्रेंडली'सारखी विशेषणं सोडून). पुढे विशेषण, क्रियापद किंवा शेवटी ई आणि डी ही अक्षरं लागलेला ('सिलेक्टेड'सारखा) शब्द असेल तर तूर्त सोडून द्या.

मग दुसरा शोध: ए, एल आणि स्पेस. इथे उलट बघायचं. 'सोशल चेंज', 'एन्व्हायर्नमेंटल लॉ' अशी पुढे नामं असतील तर ठीक. पण 'एल'च्या पुढे दुसरं विशेषण किंवा ईडीवाला शब्द आला की थांबा: 'कमर्शियल अव्हेलेबल', 'स्टॅटिस्टिकल सिग्निफिकंट', 'इकॉनॉमिकल बॅकवर्ड'. एलवाय राहून जायच्या चुका या एका शोधात सर्वाधिक सापडतात, म्हणूनच ही तपासणी पहिली ठेवली आहे. त्यानंतर आय, सी आणि स्पेस असाही एक फेरा मारा.

दोन सूचना. स्पेस देऊन शोधलं की स्वल्पविराम किंवा पूर्णविरामाच्या आधीचे शब्द निसटतात, त्यांच्यासाठी ती चिन्हं टाकून वेगळा शोध घ्या. आणि एलवायनं संपणारा प्रत्येक शब्द क्रियाविशेषण नसतो. 'फॅमिली', 'असेंब्ली', 'अ‍ॅनोमली' ही नामं आहेत, 'अप्लाय', 'सप्लाय', 'रिलाय' यांच्या शेवटीही हीच दोन अक्षरं आहेत. 'रिप्लेस ऑल' कधीही वापरू नका. त्यानं झालेला घोळ निस्तरायला अख्खी रात्र जाते.

वर्डची व्याकरणाची चूक दाखवणारी निळी रेघ नाही म्हणजे वाक्य बरोबर, असं समजू नका. का, ते तपासणी ३ मध्ये कळेल.

तपासणी २: '-दृष्ट्या' लावून बघा

मराठी कान मदतीला येतो ती पहिली जागा ही. संशय असलेली जोडी मराठीत म्हणा. मराठीत '-दृष्ट्या' लागत असेल तर इंग्रजीत बहुतेक वेळा एलवाय लागतं. सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय: 'स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट'. तांत्रिकदृष्ट्या शक्य: 'टेक्निकली फीझिबल'. भौगोलिकदृष्ट्या जवळ: 'जिऑग्राफिकली क्लोज'.

हे विसरायचं नसेल तर प्रवेशाचा अर्ज आठवा. ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, 'इकॉनॉमिकली वीकर सेक्शन'. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीपासून हे नाव घरोघरी पोचलंय, आणि त्यात 'इकॉनॉमिक' किंवा 'इकॉनॉमिकल' नाही, 'इकॉनॉमिकली' आहे. (जाता जाता: 'इकॉनॉमिकल' म्हणजे काटकसरीचा, कमी खर्चाचा. 'इकॉनॉमिकल बॅकवर्ड' लिहिणारा एका शब्दात दोन चुका करतो.)

एसईबीसी या आरक्षणातल्या प्रवर्गाचं नाव त्याहून उपयोगी. मराठीत आपण 'सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास' म्हणतो. '-दृष्ट्या' शेवटी एकदाच येतं आणि दोन्ही शब्दांना पुरतं. इंग्रजीत ते पुरत नाही. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद १५(४) मध्ये आलेले शब्द 'सोशली अँड एज्युकेशनली बॅकवर्ड' असे आहेत, दोन्हींना एलवाय. प्रबंधात मात्र 'सोशल अँड एज्युकेशनली बॅकवर्ड', 'फिजिकल अँड मेंटली फिट' असं अर्धवट रूप सारखं दिसतं. त्यामागे मराठीची ही एकदाच प्रत्यय लावायची सोय आहे. 'अँड'च्या दोन्ही बाजू नेहमी वेगवेगळ्या तपासा.

'-दृष्ट्या' बसत नसेल पण 'वेगाने', 'सातत्याने', 'काळजीपूर्वक', 'यशस्वीरीत्या', 'स्पष्टपणे' यांपैकी एखादं रूप बसत असेल, तरीही उत्तर तेच. तापमान वेगाने वाढलं, म्हणून 'इन्क्रीज्ड रॅपिडली'.

तपासणी ३: शब्द कोणावर टेकलाय?

नियम शाळेतलाच आहे: नामाबद्दल सांगतो ते विशेषण. क्रियापदाबद्दल, विशेषणाबद्दल, दुसऱ्या क्रियाविशेषणाबद्दल किंवा अख्ख्या वाक्याबद्दल सांगतो ते क्रियाविशेषण. घोटाळा होतो तो तीन शब्द रांगेत आले की. 'रँडम सिलेक्टेड सॅम्पल' यात 'रँडम' कोणाचा? नमुना रँडम नाही, निवड रँडम आहे. म्हणून 'रँडमली सिलेक्टेड सॅम्पल'.

इथे 'अँड'ची युक्ती वापरा. पहिल्या दोन शब्दांमध्ये 'अँड' घालून बघा. 'सिंपल अँड रोबस्ट मेथड' चालतं, म्हणजे दोन्ही विशेषणं आहेत, दोन्ही नामावर टेकलीत. 'फ्रेश अँड प्रिपेअर्ड सोल्यूशन' हास्यास्पद वाटतं, म्हणजे पहिला शब्द दुसऱ्यावर टेकलाय: 'फ्रेशली प्रिपेअर्ड सोल्यूशन'. 'प्रीव्हियसली रिपोर्टेड', 'कमर्शियली अव्हेलेबल', 'वाइडली यूज्ड', 'क्लोजली रिलेटेड' या जोड्या शोधनिबंधात इतक्या वेळा येतात की त्या पाठच करून टाकाव्यात.

आता निळ्या रेघेचा मुद्दा. काही ठिकाणी दोन्ही रूपं व्याकरणात बसतात, फक्त अर्थ बदलतो. अशा वेळी यंत्र गप्प राहतं. रसायनशास्त्रातलं उदाहरण घ्या. 'अ न्यू सिंथेसाइज्ड कंपाउंड' म्हणजे संयुगच नवं आहे आणि ते संश्लेषणानं तयार केलंय. 'अ न्यूली सिंथेसाइज्ड कंपाउंड' म्हणजे संश्लेषण अलीकडे झालंय, संयुग कदाचित आधीपासून ठाऊक असेल. पहिल्या वाक्यात तुम्ही नावीन्याचा दावा करताय. परीक्षक त्यावर बोट ठेवणार आणि तुम्हाला तर एवढंच म्हणायचं होतं की नमुना गेल्या आठवड्यात बनवला. 'रीसेंट पब्लिश्ड स्टडीज' आणि 'रीसेंटली पब्लिश्ड स्टडीज' यांतही असाच फरक आहे. जुन्या आकडेवारीवरचा अभ्यास अलीकडे छापून आलेला असू शकतो.

संयोगचिन्हाबद्दल चटकन: एलवायच्या पुढे ते येत नाही. 'हायली इफेक्टिव्ह' सुटंच लिहायचं. एपीए आणि शिकागो या शोधलेखनाच्या दोन्ही शैलींत हेच आहे. 'वेल-नोन मेथड'मध्ये मात्र नामाच्या आधी संयोगचिन्ह येतं.

तपासणी ४: क्रियापद खरंच काही 'करतंय' का?

एलवाय जादा झालेल्यांनी इथे वेळ घालवावा. 'क्रियापदाच्या पुढे आलं की एलवाय' असा नियम कोणीतरी शिकवलेला असतो आणि तो इथे मोडतो.

बिकम, सीम, अपिअर, रिमेन, लुक, फील, प्रूव्ह, टर्न ही क्रियापदं बऱ्याचदा कसलीच कृती सांगत नाहीत. कर्ता कसा आहे किंवा कसा झाला एवढंच जोडून देतात. त्यांच्या पुढचा शब्द कर्त्याचं वर्णन असतो, म्हणून विशेषण. 'द सोल्यूशन बिकेम क्लिअर', 'द कॅटॅलिस्ट रिमेन्ड स्टेबल', 'द रिस्पॉन्डंट्स फेल्ट अनसेफ'.

युक्ती: क्रियापद काढून तिथे 'वॉज' किंवा 'वेअर' ठेवा. 'द सोल्यूशन वॉज क्लिअर' हे अर्थाच्या जवळच राहतं, म्हणून विशेषण. 'द टेंपरेचर वॉज रॅपिड' याला काही अर्थ नाही, म्हणून तिथे 'रॅपिडली'च हवं.

मराठी कानावर भरवसा ठेवायची दुसरी जागा ही. 'द्रावण स्पष्टपणे झालं' किंवा 'उत्प्रेरक स्थिरपणे राहिला' असं आपण म्हणतच नाही. 'द्रावण स्वच्छ झालं', 'उत्प्रेरक स्थिर राहिला' म्हणतो. मराठीत साधं विशेषण आलं आणि '-पणे' लावल्यावर वाक्य विचित्र वाटलं, तर इंग्रजीतही एलवाय लावू नका.

एकच क्रियापद दोन्हीकडे जाऊ शकतं, हे मात्र जपा. पातळ थर वर्णलेखनाची (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, मिश्रणातले घटक वेगळे करायची पद्धत) पट्टी डोळ्यांसमोर आणा. 'द स्पॉट अपिअर्ड फेंट' म्हणजे ठिपका फिकट दिसला. 'द स्पॉट अपिअर्ड क्विकली' म्हणजे ठिपका लगेच उमटला. पहिल्यात 'अपिअर' नुसतं जोडणारं आहे, दुसऱ्यात खरीखुरी घटना आहे. दोन्ही बरोबर. तुम्हाला काय म्हणायचंय ते आधी मराठीत म्हणा, 'दिसला' की 'उमटला', मग निवडा. 'प्रूव्ह'चंही तसंच: 'द ड्रग प्रूव्ह्ड इफेक्टिव्ह', पण 'धिस वॉज प्रूव्ह्ड कन्क्लूसिव्हली'.

याच कुळातली दुसरी जागा म्हणजे कीप, मेक, रेंडर, फाइंड, कन्सिडर. इथे विशेषण कर्माची शेवटची अवस्था सांगतं. 'द टेंपरेचर वॉज केप्ट कॉन्स्टंट': तापमान स्थिर ठेवलं. 'कॉन्स्टंटली' नाही. पण त्याच परिच्छेदात 'द टेंपरेचर वॉज कॉन्स्टंटली मॉनिटर्ड' बरोबर आहे, कारण तिथे सतत चाललेली कृती आहे. कार्यपद्धतीच्या प्रकरणात ही दोन वाक्यं एकाखाली एक येतात आणि एकाचं रूप दुसऱ्यात घुसतं. तसंच 'द डिझाइन मेड द प्रोसेस मोर एफिशियंट', पण 'द प्रोसेस रन्स मोर एफिशियंटली'.

पावडर बारीक कुटल्याचं लिहिताना 'ग्राउंड टू अ फाइन पावडर' लिहा, सगळी कटकट मिटते. 'फाइनली ग्राउंड' लिहायचंच असेल तर स्पेलिंग बघा. 'बारीक'वाल्या फाइनलीत एन नंतर ई येतो, 'शेवटी'वाल्या फायनलीत ए आणि एल-एल. दोन्ही शब्द खरे असल्यामुळे लाल रेघ येत नाही.

तपासणी ५: बेशिस्त शब्द

इथे तर्क चालत नाही, शब्दकोश उघडावा लागतो. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा विद्यार्थी शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे. शब्दाजवळ 'अ‍ॅडजेक्टिव्ह' की 'अ‍ॅडव्हर्ब' ते लिहिलेलं असतं.

'फास्ट' दोन्ही आहे, 'फास्टली' नावाचा शब्द प्रमाण इंग्रजीत नाही. 'हार्ड'ही दोन्ही आहे. 'हार्डली' म्हणजे जेमतेम, क्वचितच. 'द पार्टिसिपंट्स हार्डली वर्क्ड' लिहिलंत तर सहभागींनी काम केलंच नाही असा अर्थ निघतो. 'लेट' उशिरा, 'लेटली' अलीकडे. 'निअर' जवळ, 'निअरली' जवळपास. 'हाय' आणि 'हायली'ही वेगळे: 'द लेव्हल रोज हाय', पण 'हायली सोल्युबल'.

याउलट 'फ्रेंडली', 'कॉस्टली', 'टाइमली', 'स्कॉलरली' ही एलवाय असलेली विशेषणं आहेत. क्रियेला जोडायची असतील तर 'इन अ टाइमली मॅनर' असा वळसा घ्या. 'डेली', 'वीकली', 'मंथली' दोन्हीकडे चालतात. 'गुड'चं क्रियाविशेषण 'वेल': 'द मॉडेल परफॉर्म्ड वेल'.

स्पेलिंगमध्ये एक सापळा आहे. आयसीनं संपणाऱ्या विशेषणाला नुसतं एलवाय नाही, ए-एल-एल-वाय लागतं: ऑटोमॅटिकली, ड्रास्टिकली, स्पेसिफिकली. अपवाद 'पब्लिकली', त्यात सी नंतर थेट एलवाय. 'ट्रूली' आणि 'ड्यूली'मधला ई गळतो. 'फर्स्ट' स्वतःच क्रियाविशेषण आहे. 'फर्स्ट, सेकंड' लिहा किंवा 'फर्स्टली, सेकंडली', पण मिसळू नका. 'दस' ('अशा प्रकारे' या अर्थाचा) या शब्दाला कधीही एलवाय लावू नका.

तपासणी ६: व्याकरण बरोबर, विधान चूक

सगळ्यात अवघड जागा, कारण इथे भाषेबरोबर विषयही कळावा लागतो.

'सिग्निफिकंटली' हा शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: इथे सांख्यिकी चाचणी केली आहे का? संख्यात्मक शोधनिबंधात हा शब्द दिसला की वाचक पी-मूल्य शोधतो. चाचणी नसेल तर 'कन्सिडरेबली', 'मार्केडली' किंवा सरळ आकडा द्या. 'यील्ड १२ वरून १८ क्विंटल झाला' हे कुठल्याही क्रियाविशेषणापेक्षा जास्त सांगतं. 'लक्षणीय' या मराठी शब्दात दोन्ही अर्थ नांदतात, म्हणून भाषांतर करताना हे हमखास निसटतं.

'कंपॅरेटिव्हली', 'रिलेटिव्हली' लिहिलं तर कशाच्या तुलनेत, ते जवळपास सापडायला हवं. 'सरप्रायझिंग, द यील्ड...' ला एलवाय लावून 'सरप्रायझिंगली' केलं की व्याकरण सुटतं, कारण तो शब्द अख्ख्या वाक्यावर टेकलाय. पण 'इंटरेस्टिंगली', 'ऑब्व्हियसली' यांच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: दहातले आठ काढून टाका. 'ऑब्व्हियसली' लिहिलेलं विधान परीक्षकाला उघड वाटेलच असं नाही, आणि तिथेच प्रश्न येतो.

अजून शंका असेल तर गूगल स्कॉलरमध्ये जोडी अवतरणचिन्हांत टाकून शोधा, किंवा 'कोका' या अमेरिकन इंग्रजी मजकुरांच्या ऑनलाइन संग्रहात अ‍ॅकॅडेमिक विभाग निवडून बघा. स्कॉलरवर चुकीची जोडीही थोडीफार सापडतेच, म्हणून नुसतं 'सापडली' याला अर्थ नाही. दोन्ही रूपांचे आकडे शेजारी ठेवा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

काही ठिकाणी स्वतः हात घालायचाच नाही. विद्यापीठाकडे नोंदवलेल्या शीर्षकात चूक सापडली तर ते परस्पर बदलू नका. मार्गदर्शक आणि विभागामार्फतच जा. प्रमाणित प्रश्नावलीतला प्रश्न व्याकरणात चुकीचा वाटला तरी तसाच ठेवा, शब्द बदलला की ती प्रश्नावली तीच राहत नाही. दुसऱ्याच्या लेखातलं अवतरण दुरुस्त करायचं नसतं.

'सिग्निफिकंटली' ठेवायचं की काढायचं, हा प्रश्न इंग्रजीच्या शिक्षकांना विचारू नका. तो सांख्यिकी जाणणाऱ्याचा आहे. 'न्यू' की 'न्यूली' हे मार्गदर्शकांनी ठरवायचं, कारण तो दाव्याचा प्रश्न आहे.

आणि सहाही तपासण्या झाल्यावर कोणतंही एक पान निवडून ते मोठ्यानं वाचा. त्या एका पानावर अजून तीन-चार जागी अडायला होत असेल, तर बिघाड एलवायचा राहिलेला नाही, वाक्यरचनेचा आहे. त्यावर आणखी आठवडे घालवण्यापेक्षा भाषा-संपादक गाठा. आधी दोन पानं नमुना म्हणून द्या, 'ट्रॅक चेंजेस' चालू ठेवून काम करायला सांगा, आणि फक्त भाषा सुधारायची आहे, मजकूर नव्यानं लिहायचा नाही, हे लेखी कळवा. परत आलेल्या नमुन्यात 'केप्ट कॉन्स्टंट'चं 'केप्ट कॉन्स्टंटली' झालेलं दिसलं, तर दुसरा संपादक बघा.